बुडावरचे चार आकडे

त्र्याहत्तर सालचा चैत्र होता. उस्मानाबादच्या पोलीस मुख्यालयात शस्त्रागाराच्या खिडकीला पोतं टांगलेलं होतं, पण ते भिजवायला पाणी नव्हतं, त्यामुळं गरम वारा पोत्यातून गाळून आत येई, एवढंच. अशा एका दुपारी श्रीपती हवालदाराच्या टेबलावर लाखेचा शिक्का मारलेलं पाकीट येऊन पडलं. सोबत श्रीमंतराव फौजदारांची चिठ्ठी होती. आतलं काडतूस कुठल्या देशाचं, कोणत्या सालचं, याबद्दल सोमवारपर्यंत लेखी अभिप्राय द्यावा.

श्रीपतीनं पाकीट फोडून काडतूस तळहातावर घेतलं आणि तो खुर्चीत सरळ होऊन बसला. असलं काडतूस त्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

श्रीपती मूळचा सास्तूरचा. सातवी करून पोलिसात लागला आणि बोटात कसब दिसल्यावर साहेबांनी त्याला बंदुका दुरुस्त करायच्या शिक्षणासाठी पुण्याला धाडलं. तिथं जुन्या बाजारात, एका फाटक्या सतरंजीवर, कुलपांच्या आणि चष्म्यांच्या ढिगात त्याला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. जगातली काडतुसं, त्यांची मापं, चित्रं, बुडावरचे शिक्के, सगळं त्यात होतं. लष्करातून निवृत्त झालेल्या दोन गोऱ्या साहेबांनी ते लिहिलं होतं. श्रीपतीचं इंग्रजी बेताचं. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यानं ते पुस्तक दोन पावसाळ्यांत वाचून काढलं. बायको केशरबाई म्हणायची, "लोक पोथी लावत्यात, आमच्या घरी काडतुसं लावल्यात."

त्या पुस्तकानं त्याला हात दिला होता तसा दगाही दिला होता. परंड्याकडं सापडलेल्या एका रिकाम्या खोळीवरून त्यानं पुस्तकाच्या आधारानं शिकाऱ्याची बंदूक ओळखून काढली आणि मुख्यालयात त्याचं नाव झालं. पण एका पानावर दोन चित्रांची अदलाबदल झाली होती. त्या चित्रांवर भरवसा ठेवल्यामुळं एकदा मोठ्या साहेबांपुढं त्याला खाली मान घालावी लागली होती. तेव्हापासून तो प्रत्येक माप स्वतः घेऊन पाही आणि चूक आढळली की पानाच्या कडेला शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात टिपून ठेवी. आठ वर्षांत अशा एकतीस टिपा झाल्या होत्या.

आज त्यानं व्हर्नियर काढला. खोळीची लांबी, मानेची जाडी, बुडाच्या कडेचा घेर, सगळं तीन-तीनदा मोजलं. मग पानं उलटत बसला. तासाभरानं ते सापडलं. मापं केसाचाही फरक नसलेली. पुस्तक म्हणत होतं, काडतूस पूर्वेकडचं, सयाम देशातलं. बुडावरच्या शिक्क्याचं चित्र दिलं होतं आणि त्याखाली दोन ओळी होत्या: कडेवरचे चार आकडे हे कारखान्याचा अनुक्रमांक असावेत, अशी काडतुसं एकोणीसशे साठनंतर बनवली गेली.

चारच्या सुमाराला श्रीमंतराव स्वतः आले. माणूस तरुण, चलाख, पण घाईचा.

"सापडलं का हो, हवालदार?"

श्रीपतीनं पान दाखवलं. फौजदारांनी ते वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "साठनंतरचं! म्हणजे चोरट्या मार्गानं आलेला ताजा माल. मला वाटलंच होतं."

महिनाभरापूर्वी नळदुर्गच्या रस्त्यावर दरोडेखोरांनी धान्याचा ट्रक अडवून गोळी झाडली होती. ती गोळी माळरानात कुठं गडप झाली, ते कुणाला सापडलं नव्हतं. वरून रोज विचारणा होत होती. आणि चार दिवसांमागं तामलवाडीची गजराबाई नावाची विधवा घरातली मोडकी पितळ घेऊन तुळजापूरला शिवप्पा भांडीवाल्याकडं गेली. बैलाच्या गळ्यातली फुटकी घाट, समईचा तुटका दांडा आणि त्यांच्यात हे काडतूस. शिवप्पा घाबरला, त्यानं चौकीत कळवलं. गजराबाईचा थोरला बाबू दुष्काळी कामावर खडी फोडायचा. त्याला धरून आणलं होतं.

"बाई म्हणते, नवऱ्यानं लढाईतनं आणलं होतं. नवरा मरून सात वर्षं झाली. मेलेल्या माणसावर काहीही ढकलता येतं," फौजदार म्हणाले. "तुम्ही पुस्तकात आहे तसं लिहून द्या. एवढं झालं की बाबू बोलतो की नाही बघा."

"साहेब, आज शुक्रवार हाय. सोमवारपर्यंत वेळ दिलाय न्हवं?"

"पुस्तकात छापलंय की. आणखी काय बघायचं?"

"मला अजून पटंना," श्रीपती म्हणाला. का पटंना, ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

फौजदार गेल्यावर तो काडतूस खिडकीपाशी घेऊन गेला. पितळ खोलवर काळवंडली होती, जुन्या देवाच्या मूर्तीसारखी. बारा-तेरा वर्षांत पितळ अशी होत नाही. झालीच तर वर हिरवट पूड येते. पण पितळेच्या रंगावर अभिप्राय देता येत नाही. त्यानं भिंगातून आकडे पाहिले. वेटोळी, शेपट्या, गाठी. त्याच्या ओळखीची कुठलीच लिपी नव्हती. बुडाच्या मधोमध असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीला धक्का लागू न देता त्यानं नुसत्या कडेवर पातळ कागद धरला, शिसपेन्सिल हलकेच घासली आणि ठसा उठवून घेतला. मग तो पुस्तकातल्या चित्राशेजारी ठेवला. या साहेबांनी मापं स्वतः घेतली होती, ते दिसतच होतं. मग पुढं 'असावेत' हा शब्द का आला? मोजणारा माणूस 'असावेत' म्हणत नाही. हे कुणाकडून तरी ऐकून लिहिलेलं होतं.

शनिवारी त्यानं रजा टाकली आणि पहाटेच्या एस.टी.नं तामलवाडी गाठली.

गावाबाहेर तलावातला गाळ काढायचं काम चाललं होतं. तळ भेगाळून उलट्या कौलांसारखे पोपडे सुटलेले. पाच-सहाशे माणसं घमेली घेऊन चढउतार करत होती. गजराबाई काठावरच्या बाभळीखाली येऊन बसली. पन्नाशीची, उंच, वाळलेली बाई. पोलीस म्हटल्यावर तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"अक्का, मी धरायला आलो न्हाय," श्रीपती म्हणाला. "मी बंदुका दुरुस्त करणारा. त्या काडतुसाचं खरं काय ते मला समजून घ्यायचंय."

"खरं कवाच सांगितलं. माजा मालक धनगर, अंगठेबहाद्दर, खेचरांवर हुता, फौजंत. बरम्यात गेला. लढाई मिटली तवा त्यास्नी फुडं सयामात धाडलं, जपान्यांवर पहारा करायला. तितनं त्ये आनलं त्यानं. कागुद हुते फौजंचे, ते वाळवीनं खाल्ले."

"सयामच म्हणायचे का ते? तुम्हाला नक्की आठवतंय?"

"न आठवाया काय झालं? उभ्या गावाला पाठ हाय." तिच्या आवाजात जुना राग होता. "लबाड म्हनायचे की त्यास्नी. जिता हुता तवर चावडीवर चेष्टा. गोरोबा, यंदा कंचं साल हाय रं, म्हनून इचारायचे."

"साल? साल कशाला विचारायचे?"

"त्यो म्हनायचा, तितलं सालच येगळं. आपल्याकडं पंचेचाळीस साल हुतं, तर तितं चोवीसशे आट्ट्याऐंशी. मंग काय, पोरंठोरं सुदिक म्हनायची, गोरोबा अडीच हजार सालात जाऊन आला."

श्रीपती तो आकडा ऐकून पुढं सरकला. अडीच हजार! छप्पन साली सास्तूरच्या बौद्धवाड्यात त्याच्या बापानं धम्म घेतला, तेव्हा भिंतीवर चुन्यानं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: बुद्धवर्ष २५००. ते आकडे रंगवायला श्रीपतीच शिडीवर चढला होता. त्यानं मनात वजाबाकी केली. छप्पनला पंचवीसशे, तर पंचेचाळीसला चोवीसशे एकोणनव्वद. गोरोबा म्हणत होता अठ्ठ्याऐंशी. एका वर्षाचा फरक, तो दोन देशांच्या मोजण्यातला असेल. पण खेचरं हाकणाऱ्या, अंगठा उठवणाऱ्या धनगराला हा आकडा सुचणार कुठून? तो तिथं गेल्याशिवाय शक्यच नव्हतं.

आणि दुसरा विचार लगेच त्याच्या पाठोपाठ आला. ज्या देशात साल बुद्धापासून मोजतात, तिथल्या काडतुसावर चार आकडे असले, तर ते अनुक्रमांकच कशावरून?

"अक्का, सोलापूरला जाणारी गाडी किती वाजता हाय?"

"आता येईल की. पर भाऊ, माज्या बाबूचं काय?"

"उद्या येतो," एवढंच म्हणून तो रस्त्याकडं पळाला. वचन द्यायची त्याची छाती झाली नाही.

सोलापुरातल्या एका विहारात त्यानं पूर्वी एक पितळी बुद्धमूर्ती पाहिली होती. सयामच्या उपासकांनी पाठवलेली, असं तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं. तो पोचला तेव्हा विहारात झाडलोट करणाऱ्या चांगुणाबाई दाराशी गहू निवडत बसल्या होत्या. श्रीपतीनं वंदन केलं आणि मूर्तीच्या बैठकीपाशी गुडघे टेकून वाकला. बैठकीवर एक पट्टी होती आणि पट्टीवर तीच वेटोळी, त्याच शेपट्या.

"काय शोधतोस रे बाबा?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"आई, हे काय लिहिलंय, कुणाला ठाऊक हाय का?"

"अक्षरं न्हाईत ठाऊक. पर शेवटी साल हाय. भंतेजींनी बोट ठेवून दाखवलं हुतं. हे बघ, दोन, पाच आन् दोन भोपळे. अडीच हजार."

श्रीपतीनं खिशातला ठसा काढून पट्टीला लावला. काहीच जुळेना. एकही आकडा त्या चार आकड्यांसारखा नव्हता. कागद हातात धरून तो तसाच बसून राहिला. गोल बुडावर कडेनं कोरलेल्या शिक्क्याला वर-खाली असं काही नसतं. त्यानं ठसा पुस्तकातल्या चित्रासारखाच धरला होता.

त्यानं कागद उलटा फिरवला.

पहिला आकडा पट्टीवरच्या पहिल्या आकड्याशी तंतोतंत जुळला. दोन. त्या दोघा साहेबांनी शिक्का उलटा धरून काढला होता! ज्याला लिपी वाचता येत नाही, त्यानं त्या आकड्यांबद्दल काय सांगायचं? श्रीपतीला हसूच आलं. चांगुणाबाई सूप बाजूला ठेवून त्याच्याजवळ येऊन वाकल्या.

"दुसरा बघा आई. हा पाच हाय का?"

त्यांनी डोळे बारीक केले. "दिसतोय तसाच. पर पाचाच्या डोक्यावर गाठ हाय बघ. ह्याच्या डोक्यावर न्हाय."

गाठ नव्हती. श्रीपतीनं भिंग लावून पाहिलं, कागद उजेडात धरून पाहिला. झिजून गेलेली गाठही नव्हती. तिथं पितळ गुळगुळीत होती. पुढचे दोन आकडे त्याला ओळखता येईनात, पण त्यांची गरजच नव्हती. साल दोन हजार आणि काहीशे. पाचशे नाही. सहाशे अजून उजाडले नव्हते. म्हणजे फार तर चोवीसशे. आणि चोवीसशे कुठलंही असो, ते छप्पन-सत्तावन सालच्या आधीच संपलेलं होतं. साठनंतर बनवलेल्या काडतुसावर ते कसं येणार?

रविवारी सकाळी तो पुन्हा तामलवाडीत होता. फौजदारांना त्यानं आदल्या संध्याकाळीच निरोप धाडला होता, आणि घाईचा असला तरी माणूस कष्टाळू, तो जीप घेऊन आला. सोसायटीच्या गोदामाच्या ओट्यावर दोघं बसले. मिलोची, म्हणजे सरकारनं परदेशातून आणलेल्या तांबड्या ज्वारीची, पोती उतरून घ्यायला आलेले लोक भोवती जमले.

श्रीपतीनं सगळं सांगितलं. ठसा, पट्टीवरून उतरून आणलेले आकडे, उलटं चित्र. फौजदार मधेमधे पुस्तकाकडं पाहत होते.

"म्हणजे लंडनात छापलेलं पुस्तक खोटं आणि तुमचं खरं?"

"पुस्तक खोटं न्हाय, साहेब. त्याच्याशिवाय हे सयामचं हे तरी मला कुठं कळलं असतं? मोजलंय तिथं ते पक्कं हाय. ह्या दोन ओळी ऐकीव हायेत." त्यानं पेन्सिलीच्या टिपा असलेली पानं एकामागून एक उलटून दाखवली. "ह्या एकतीस चुका. ह्यातली एकबी मापाची न्हाय. सगळ्या साला-नावाच्या, न्हायतर चित्रांच्या."

श्रीमंतराव बराच वेळ ती पानं चाळत राहिले. मग म्हणाले, "ठीक. जुनं आहे धरू. जुनं काडतूस उडत नाही का? बापानं आणलं आणि पोरानं वापरलं, असं का नसेल?"

हा सवाल खरा होता. श्रीपतीनं तो नाकारला नाही. "वापरायला ह्याच जातीची बंदूक लागते, साहेब. ती कुठं सापडली न्हाय. आणि तुम्ही बाबूला धरलं ते माल ताजा हाय म्हणून. बापानं आणलं, ही बाईची गोष्ट खोटी ठरली म्हणून. ती खरी ठरली तर?"

"ती खरी कशावरून? बाई सांगते म्हणून?"

"बाई न्हाय. हे सगळे सांगत्यात." श्रीपती भोवतीच्या लोकांकडं वळला. "गोरोबाला तुम्ही कंचं साल इचारत हुता?"

दगडोबा नावाचा म्हातारा पागोटं सारखं करत पुढं झाला. गोरोबाची सगळ्यात जास्त टिंगल यानंच केली होती, हे गावाला ठाऊक होतं.

"चोवीसशे आट्ट्याऐंशी म्हनायचा," तो खाली बघत म्हणाला. "फौजंतनं आला त्याच साली पैल्यांदा म्हनला. शेचाळीस साल असंल. रझाकाराच्या आधी."

"ते लिहून द्याल का, काका?" फौजदारांनी विचारलं. त्यांचा आवाज आता बदलला होता.

"देतो की. पर..." दगडोबा अडखळला. "म्या त्याला लबाड म्हनत हुतो, ते बी लिवायचं का?"

"तेच लिवायचं हाय, काका," श्रीपती म्हणाला. "तुम्ही हसला म्हणून तर ध्यानात राहिलं."

दगडोबानं आणि आणखी दोघांनी अंगठे उठवले. सोमवारी श्रीपतीनं अभिप्राय लिहिला. काडतूस सयाम देशाचं. बनावटीचं साल सत्तावनच्या आधीचं. पुढचे दोन आकडे मला वाचता आले नाहीत, ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत. ही शेवटची ओळ फौजदारांना नको होती. ते म्हणाले, उगाच कच्चेपणा दिसतो. श्रीपतीनं ती काढली नाही. काडतूस पुण्याला तपासणीला गेलं आणि बाबू जामिनावर सुटून गुरुवारी घरी आला. दोन महिन्यांनी पुण्याहून उत्तर आलं: साल चोवीसशे त्र्याऐंशी, म्हणजे आपलं चाळीस. खटला तिथंच थांबला. नळदुर्गच्या रस्त्यावरचे दरोडेखोर कोण होते, हे मात्र श्रीपतीला पुढं कधीच कळलं नाही.

त्यानं पुस्तकाच्या त्या पानावर बत्तिसावी टीप केली. एवढ्यावर त्याचं समाधान होईना. शब्दकोश घेऊन तीन दिवस खपून त्यानं छापखान्याच्या पत्त्यावर इंग्रजी पत्र लिहिलं आणि सोबत ठशाची नक्कल जोडली. मापांबद्दल आभार मानले, आणि शिक्का उलटा छापला आहे, तो पुढच्या वेळी सुलटा करावा, अशी विनंती केली. केशरबाईनं विचारलं, "आन् उत्तर न्हाय आलं तर?"

"न येऊ दे. त्यांस्नी कळलं तर पायजे."

उत्तर आलं नाही.

पुण्याचा कागद आला त्या आठवड्यात श्रीपती मुद्दाम तामलवाडीला गेला. मृग निघाला होता, पण आभाळ कोरंच होतं आणि तलावातलं काम तसंच चालू होतं. बाबूनं त्याला पाहून घमेलं खाली ठेवलं, हात जोडले आणि आईला हाक मारली. गजराबाई आली. काडतूस परत मिळणार नाही, ते सरकारजमा झालं, हे श्रीपतीनं आधीच सांगून टाकलं. तिनं मान हलवली. तिला ते नकोच होतं.

"कागदावर काय लिवलंय, ते मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "ह्या सगळ्यांस्नी ऐकू जाऊ दे."

श्रीपतीनं वाचलं. सयाम, चोवीसशे त्र्याऐंशी. बायकांनी घमेली उतरवली. दगडोबा बाभळीखाली बसला होता, त्यानं कानामागं हात धरून ऐकलं. मग नागूबाई नावाची, गावातच दिलेली एक तरुण सून पदर सावरत पुढं आली.

"अक्का, गोरोबामामा आनि एक सांगायचे न्हवं? मी ल्हान हुते तवा ऐकलंय. तितं बाजार पान्यावर भरतो म्हनं. समदी दुकानं होड्यांत. भाजीवाली बी होडीत, गिऱ्हाईक बी होडीत."

"सांगायचे," गजराबाई म्हणाली. "त्याला तर लईच हसायचे समदे. म्या बी हसले हुते." ती श्रीपतीकडं वळली. "भाऊ, तुमच्या त्या पुस्तकात हाय का ते?"

"त्यात नुसती काडतुसंच हायेत, अक्का."

"मंग कुठं बघाया मिळंल?"

"ठाऊक न्हाय," श्रीपती म्हणाला. "पण बघतो. विहारात येणाऱ्या भंतेजींना विचारतो."

गजराबाई कोरड्या तळाकडं बघत काठावर बसली. तिच्याभोवती सात-आठ जणी बसल्या. मुकादमानं दुरून हाक दिली, पण कुणी उठलं नाही.

"भाजी भिजत नसंल व्हय गं?" नागूबाईनं विचारलं.

"ते इचारलं हुतं म्या," गजराबाई म्हणाली, आणि गोरोबानं दिलेलं उत्तर ऐन उन्हात सगळ्यांना सांगू लागली.